नमुन्याची मूठ

दिवसभर मी मार्केट यार्डात हळदीची वजनं लिहितो.
पोत्याचं तोंड उसवून एकेक व्यापारी मूठभर हळकुंडं काढतो,
मोडून बघतो, हुंगतो, खिशात टाकतो.
नमुना म्हणतात त्याला. चोरी कुणी म्हणत नाही.
संध्याकाळी पोतं दीड किलोनं कमी भरतं
आणि मालधनी माझ्याकडे बघतो, काट्याकडे नाही.

घर वारणालीत. दोन खोल्या,
मधे नऊ इंची भिंत, पलीकडे मगदूमकाका.
साखर कारखान्यात टाइमकीपर होते.
अजून दिवेलागणीच्या आत जेवतात;
ताट धुतल्याचा आवाज आला की आपण घड्याळ लावून घ्यावं.
त्यांचा वायफाय त्या भिंतीतून येतो
सर्दी झालेल्या माणसाच्या आवाजासारखा,
पण येतो.

पासवर्ड त्यांच्या नातवानं दिला होता, दिवाळीत,
एका मॅचपुरता.
मॅच संपली, आपण हरलो, नातू पुण्याला गेला.
पासवर्ड माझ्या फोनात राहिला.
चौदा महिने.

मी हिशेब करायचो:
हळदीचा वास अख्ख्या सांगलीला फुकट येतोच की.
त्यांच्या ओट्यावरचा बल्ब माझ्या पायरीवर उजेड पाडतो,
त्याचं बिल कधी आलं मला?
(ते बातम्या बघत असताना चित्र अडकायचं,
पलीकडून रिमोट आपटल्याचा आवाज यायचा.
मी माझा पिक्चर थांबवायचो नाही.)

विरजण मागायला वाटी न्यावी लागते.
वाटी नेली की तोंड दाखवावं लागतं
आणि परत करताना ती रिकामी देता येत नाही.
याला वाटीच लागत नव्हती.

वरच्या खोलीतला जतचा पोरगा म्हणाला, रिचार्ज संपलाय.
मी म्हटलं, घे की, लिहून घे.
केवढं मोठं मन माझं त्या दिवशी!
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.
त्यानं पुढं कुणाकुणाला दिला, देव जाणे.

परवा दोन पोलीस आले, कागद घेऊन.
या जोडणीवरून रात्री पावणेबाराला
मिरजेच्या एका मुलीला कुणीतरी नको ते पाठवलं होतं.
"मी नऊला झोपतो," काका म्हणाले.
"बिल तुमच्या नावावर ना?"
"हो."
"मग?"

मी भिंतीला कान लावून.
ते मी केलं नव्हतं.
पण हे सांगायचं तर आधी
मी काय करत होतो ते सांगावं लागलं असतं.
गिळलं.

रात्री झोप येईना तेव्हा सुचलं,
माझा पिन, पगार, बायकोचे रक्ताचे रिपोर्ट
सगळं त्यांच्याच डब्यातून गेलंय वर्षभर.
ज्यांचं दार मी ढकलत होतो
त्यांच्या हातात माझीही कडी होती.
त्यांनी ती कधी हलवून पाहिली नाही
हा त्यांचा स्वभाव. माझी अक्कल नव्हे.

मागं एकदा त्यांच्या अनंताचं फूल माझ्या बाजूला पडलं.
मी उचलून देवाला वाहिलं.
काका म्हणाले, "पडलेलं म्हणजे दिलेलं नव्हे, दौलतराव."
हसत म्हणाले.
मला वाटलं, फुलाबद्दल.

काल फोन उघडला तर मगदूम नावाचं नेटवर्क गायब.
त्या जागी नवं, कुलूप घातलेलं.
नाव: विचारा.
पहिल्यांदा वाचलं, कानफटात बसल्यासारखं वाटलं.
उठून पाणी प्यालो. परत वाचलं.
शब्द तोच होता,
पण आता दार थोडं किलकिलं वाटलं.

उद्या अकराला त्यांना ठाण्यावर बोलावलंय.
वरच्या खोलीला सकाळपासून टाळं आहे.
आता साडेसात, काका जेवून बसले असतील,
वाटीतून काही न्यावं तर तेही नाही.
हात हलवतच गेलो. बेल दाबली.

"कोण?" आतून.

मी चप्पल काढली. परत घातली.
चौदा महिने त्यांच्या घरात वावरलो,
नाव कधी सांगितलं नव्हतं.