शेरा

तपोवनाकडे जाताना उजव्या हाताला
महापालिकेचं वाहनतळ आहे. तिथे रात्रपाळीला मी.
फाटकाशी निळी पाटी, पाटीवर नियम.
पेंटरने 'वाहन'चं 'वहान' केलंय सगळीकडे,
फक्त सातव्या नियमात बरोबर लिहिलंय:
वाहनात झोपणे, स्वयंपाक करणे,
कपडे वाळत घालणे सक्त मनाई.

सुकदेव पेखळेची पिवळी ओम्नी
साडेनऊला आत येते, दिवे आधीच मालवून.
दिवसा तिच्यातून बारा पोरं शाळेला जातात,
इंदिरानगर, अशोका मार्ग, परत द्वारका;
बाराही घरांचे पत्ते त्याला तोंडपाठ,
कुठल्या गेटला कुत्रं, कुठल्या आईला उशीर.
रात्री मागची सीट आडवी होते
आणि तिच्यावर उन्नती. वय वर्षं नऊ.

पहिल्या रात्री मी काचेवर टकटक केली,
सातवा नियम सांगितला.
तो म्हणाला, झोपत नाही साहेब, बसलोय.
साहेब! मला!
दुसऱ्या रात्री म्हणाला, निवाऱ्यात जाऊन आलो.
तिथे पुरुष खाली, बायका वर,
जिन्याला दहा वाजता कुलूप.
पोरगी रात्रीची दचकून उठते.
एवढंच बोलला.
मग म्हणाला, गादी बरी आहे तिथली, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या रात्री थंडी पडली,
निफाडकडून येते ती, बोटं बधिर करणारी.
मी शेकोटीच्या उजेडात नियम परत वाचले.
बसायला मनाई नाही.
सिंहस्थात याच मैदानावर
नळ येतात, दिवे येतात, पत्र्याचे संडास रांगेने,
अख्खी नगरी झोपते धुनी पेटवून,
तेव्हा पाटीवर कापड टाकतात.
मी पाहिलंय. सुतळी मीच बांधली होती.

पावती फाडली. तीस रुपये घेतले,
तेवढे घ्यावेच लागतात.
गाडी नंबर, वेळ, रक्कम,
आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो,
अकरा वर्षांत कुणी त्यात काही लिहिलेलं नाही.
मी लिहिलं: वाहनात दोघे. जागे.

मग रोज लिहीत गेलो.
दोघे. जागे. मुलीला खोकला.
दोघे. मुलगी पाढे म्हणते, सतराचा अडतो.
एकदा सुपरवायझर खैरनार आला, बॅटरी मारली,
पुस्तक चाळलं, सतराच्या पाढ्यापाशी थांबला,
म्हणाला, ऑडिटला हे वाचतंय कोण,
आणि चहा मागवला. चार.

मेअखेरीस चौथीचा अर्ज. पत्त्याचा पुरावा जोडा:
वीजबिल, भाडेकरार, नाहीतर नगरसेवकाचा दाखला,
आणि दाखल्याला पुन्हा पत्ता लागतो.
सुकदेवने पावत्या ठेवल्या होत्या, एकशे एक्केचाळीस,
किराणावाल्याच्या बिलांसारख्या तारेत ओवून.
विभागीय कार्यालयात मोगल बाईंनी चष्मा वर केला.
शिक्का महापालिकेचा. जागा महापालिकेची.
तारखा ओळीने, मधली एकच नाही.
"ही रात्र कुठे होतात?"
गॅरेजला, म्हणाला. क्लच गेला होता.
त्यांनी अर्ज परत केला नाही.
घेतलाही नाही. ट्रेमध्ये ठेवला,
वर पेपरवेट.

काल पेंटर आला, पाटी नव्याने रंगवायची आहे.
काही बदल? विचारलं त्याने.
मी म्हटलं, सातवा जरा बारीक अक्षरात घे.
तो म्हणाला, पैसे तेवढेच पडतील.
तेवढ्यात ओम्नीतून सतरा साते एकशे एकोणीस
न अडता पुढे गेलं.
मी घड्याळ बघितलं,
आणि पावतीपुस्तक उघडलं.