तर्री कमी

संबोधी खोब्रागडे माझी कोणी नाही.
मेडिकलच्या ओपीडीबाहेर, कूलरच्या ओल्या वाऱ्यात
बाकावर शेजारी बसलेली, एवढंच.
तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं नाही.
इतकी वर्षं सगळे आधी तिथंच पाहायचे.

मी म्हटलं, डब्यातली पोळी गाईला घालायचे मी.
ती म्हणाली, आमच्या गल्लीतली गाय पण
भल्ली गुबगुबीत झाली होती ना बाप्पा.
आणि आम्ही अशा हसलो
की नंबर पुकारलेला ऐकूच आला नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांच्याकडे तक्ता आहे.
आईकडे शपथा आहेत आणि तुपाची वाटी.
बाबांकडे दाराबाहेरचं खोकणं.
त्यांना मी जेवलेली हवी असते.
संबोधीला नुसती बसलेलीही चालते.

दर गुरुवारी सकाळी, धरमपेठेतला ठेला,
दोन प्लेट पोहे.
"तर्री कमी," मी म्हणते.
पोहेवाला ऐकून न ऐकल्यासारखा डाव बुडवतो,
लाल तेल पोह्यांमधून कडेला उतरत येतं,
आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू,
उलट्या म्हटलेल्या पाढ्यासारखा.
"माझा पण चालू आहे," ती म्हणते, "खा."
घास तिच्याही घशात अडतो, मला दिसतं.
सहज गिळणारी माणसं घरभर होती माझ्या.
अडणारं कोणी नव्हतं.

मे महिन्यात ती तीन गुरुवार आली नाही.
फोन बंद.
मग मीच गेले इंदोऱ्याला, भर दुपारी,
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये उन्हासाठी कांदा,
डिकीत बांधून घेतलेले पोहे.
दार उघडून म्हणाली,
"काऊन आली वं एवढ्या उन्हात?"
डोळे खोल गेलेले. मला ओळखू आले ते डोळे,
माझेच होते गेल्या दिवाळीतले.

मी काही समजावलं नाही.
समजावणं आम्हा दोघींनाही पाठ आहे.
फरशीवर बसले, पुडी सोडली,
एक चमचा खाल्ला, आणि थांबले.
पंखा किरकिरत राहिला.
खाली कोणी तरी बर्फाची लादी फोडत होतं.

"तर्री कुठाय?"
"सांडली. अख्ख्या डिकीत."

हसली नाही ती.
मी पर्समधला कांदा काढला, बुक्कीनं फोडला.
बराच वेळ तो तसाच पडून होता दोघींच्या मध्ये,
उन्हाचा वास लागलेला.
मग तिनं एक पाकळी उचलली.

तक्त्यात लिहिण्यासारखं हे काही नाही.