मानस

दिवाडीला मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटात बसवलेलं लाकडी दार.
भरतीचं पाणी येतं आणि स्वतःच ते ढकलून लावतं.
ओहोटीला खाजनातलं पाणी आतून रेटा देतं,
दार उघडतं.
कडी नाही, कोयंडा नाही.
आहे फक्त काजमीर,
जो पहाटे टॉर्च घेऊन बांधावर चालतो
आणि कुर्ल्यांची भोकं बोट घालून तपासतो.

"लोकांचा पूर दर्यातून येतो," तो म्हणतो,
"आमचा कुर्लीच्या भोकातून.
आज बोट जातं,
चतुर्थीपर्यंत म्हैस जाईल."
आणि चिखलाचा गोळा दाबून बसवतो,
पोळीच्या कडा दाबाव्यात तसा.

माझ्याकडे बांध नाही. वही आहे.
पंचायतीनं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं,
नारिंगी जाकीट दिलं, शिट्टी दिली,
दोरीच्या सहा गाठी शिकवल्या.
त्यातल्या दोन येतात.
वही मी घरची घातली.

बसप्पा. चिऱ्यांच्या खाणीमागची शेड,
पत्र्यांवर नुसते दगड ठेवलेत, ते आधी काढायचे.
त्याला कोकणी कळते, मराठी कळते,
लाउडस्पीकरवरचं काहीच कळत नाही.
सुखदा प्रियोळकर. इन्सुलिन फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात.
वीज गेली तर ओल्या फडक्यात, मडक्यात.
घनश्याम. आधी म्हशीचं दावं सोडायचं, मग त्याला हाक मारायची.
उलट केलं तर तो अर्ध्या वाटेवरून परत जातो.
इश्कोलास्तिका, वय ब्याऐंशी.
उजव्या कानानं ऐकते, म्हणून उजवीकडची खिडकी ठोकायची.
मागचं दार ओलीनं फुगतं.
रंधा मारणे. (हे तीन वर्षं लिहिलेलं आहे.)

गेल्या मे महिन्यात दुपारी चारला फेरी थांबवली.
फेरी थांबली की बेट खरोखर बेट होतं,
एरवी आम्ही विसरलेले असतो.
अमावास्या. उधाणाची भरती रात्री बाराच्या सुमाराला,
आणि वादळही त्याच सुमाराला येणार म्हणत होते.
वारा पाण्याला पाठीमागून रेटत राहिला
तर पाणी दाराला विचारणार नाही,
बांधावरूनच येईल.
आम्ही सत्तावीस माणसं वरच्या शाळेत नेली,
एक म्हैस,
आणि फ्रीजमधली एक डबी.

वादळ बाहेरच्या बाहेर वळलं.
सकाळी शाळेच्या अंगणात मानकुरादचे चार आंबे पडलेले,
ते पोरांनी खाल्ले.
त्यानंतर महिनाभर
पोदेराच्या सायकलपाशी, तिंट्यावर, फेरीत
एकच प्रश्न:
"काय गो, तुझं वादळ पोचलं की नाही?"
मी हसत होते.
घरी येऊन जाकीट ट्रंकेच्या तळाशी घातलं.

काजमीरला सांगितलं तेव्हा तो बांधावर उकिडवा बसला होता,
पायांवर वाळलेला चिखल.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग मानशीकडे हनुवटी करून म्हणाला,
"हे दार दिवसातून दोनदा बंद होतं.
संध्याकाळी कधी कोण विचारायला येतं का त्याला,
आज कुठला पूर आला होता म्हणून?"
आणि पुन्हा बोट घातलं एका भोकात,
कोपरापर्यंत हात गेला,
शिवी हासडली.
दोघांनी मिळून चिखल वाहिला दिवे लागेपर्यंत.

यंदा वही पुन्हा काढली.
बसप्पा हसला, पण दगड कुठले ते दाखवले.
सुखदाबाईंनी मडकं आधीच आणून ठेवलंय.
घनश्याम म्हणतो म्हैस विकली,
त्याची ओळ खोडली, मग परत लिहिली:
आता आधी त्यालाच हाक मारायची.

इश्कोलास्तिकेच्या मागच्या दाराला
मी स्वतः रंधा मारला, वाकडातिकडा,
भुसा तिनं सुपात गोळा केला, चुलीसाठी.
पलंगाखालून तिनं पिशवी ओढून दाखवली.
गेल्या मेपासून ती बांधलेलीच आहे:
रेशनकार्ड, लग्नाचा फोटो, मेणबत्त्या,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोळ्या.
"चष्मा तेवढा आत नाही," ती म्हणाली,
"तो रोज लागतो."

मी लिहून घेतलं:
चष्मा. उशीच्या डाव्या बाजूला.