सातमासी

संग्रहालय म्हणजे आमची जुनी शाळाच.
गुड्रुननं काचेखालची वही काढली,
आधी मला हात पुसायला लावले, मग म्हणाली,
तुझ्या जन्माचं पान सापडलंय, सोलफ्रिड.
सुईण ओलियाचं अक्षर. गंमत वाटेल तुला.

फेब्रुवारी, शेहेचाळीस. वादळ. बोटीनं यायला चार तास.
मुलगी.
वजन: चार हजार शंभर ग्रॅम.

मी चष्मा पुसला.
आकडा होता तिथंच राहिला.

सत्त्याहत्तर वर्षं मी सातमासी आहे.
स्कारवागच्या कोंबड्यांनाही हे ठाऊक आहे.
सातमासी, म्हणून मला माशाचं तेल दोन चमचे, भावांना एक.
सातमासी, म्हणून मोज्यांवर मोजे, थेट जूनपर्यंत.
गणितात नापास झाले : सातमासी.
नवरा निघून गेला तेव्हाही मावशी
कॉफीत साखर ढवळत म्हणाली,
पहिल्यापासूनच नाजूक गं ती.

बाबा पंचेचाळीसच्या जुलैअखेर परतले,
पाच वर्षं परक्या समुद्रांवरून तेल वाहून.
मी टेबलाखाली बोटं मोजते.
सात बरोबर भरतात.
उरलेली दोन बोटं मागं मागं जातात,
जून, मे,
आणि मेमध्ये बाबा कुठल्या बंदरात होते
ते मला पत्रांवरून पाठ आहे.

मेमध्ये इथं टेकडीवरचं कुंपण उघडलं होतं.
रस्ता खोदायला आणलेले रशियन कैदी
खाली गावात उतरले, हाडांवर कोट घातलेले.
आई बावीस वर्षांची. मोठ्या हंड्यात बटाटे उकडायची.
सूर्य मावळायचा नाही त्या दिवसांत,
त्यामुळं रात्री काय झालं असं म्हणायचीही सोय नाही.
जुलैत जहाज आलं, त्यांना घेऊन गेलं.
ते घरी पोचले का, पुढं काय झालं त्यांचं,
आमच्याकडं कुणी विचारलं नाही.
आईनं विचारलं असेल. कुणाला, ते माहीत नाही.

त्यांनी कोरलेले पक्षी मात्र घरोघरी आहेत.
एका बटाट्याला एक पक्षी, असा भाव होता म्हणे.
एकाच लाकडाच्या चिरफळ्या करून उलगडलेले पंख,
ना खिळा, ना सरस.
आमच्या पक्ष्याच्या पोटाखाली एक खूण आहे :
दोन पायांवर उभं बुटकं घर.
लहानपणी मला ती मासे ठेवायची झोपडी वाटायची.
पुढं कुणीतरी सांगितलं, ते त्यांचं अक्षर आहे, 'द' सारखं.
द वरून किती नावं असतात.
मी एकही उच्चारून पाहिलेलं नाही अजून.

वहीत पुढं एक रकाना आहे : दिवस पूर्ण भरले होते का?
ओलियानं तो कोरा ठेवलाय.
त्याच्याशेजारी, शेरा :
कंदील बापानं धरला. काटा बापानंच वाचला.

बाबांनी जन्मभर वजनावर मासे विकले.
हातात कॉड धरून ते सांगायचे किती भरेल,
आणि पन्नास ग्रॅमची चूक झाली तर दिवसभर गप्प असायचे.
त्यांनी काटा वाचला.
दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन, सगळ्यांच्या आधी,
त्यांनीच सांगितलं म्हणे :
सातव्यातच झाली हो, पण जगेल.

गुड्रुन खिडकीबाहेर बघत होती.
तिलाही वाचता येतं, अर्थात.
कॉफी घेणार का, एवढंच विचारलं तिनं.

घरी येऊन मी पक्षी खाली काढला.
डाव्या पंखाची एक चिरफळी भावानं मोडली होती,
मी सहा वर्षांची असेन तेव्हा.
बाबांनी एक अख्खी संध्याकाळ घालवून
ती गळाच्या दोऱ्यानं बांधली.
दोरा अजून घट्ट आहे. गाठीला गाठ नाही म्हणता येत,
इतकी बारीक.

रात्री उणे नऊ होतं.
मी मोज्यांचा एकच जोड घातला.
पाय गार पडले नाहीत असं नाही.