साडेअकरा की साडेचार

फॉर्मवर दोन चौकोन, काडीच्या गुलाएवढे.
अर्धा दिवस: साडेआठ ते साडेअकरा.
पूर्ण दिवस: साडेआठ ते साडेचार, जेवण व झोप धरून.
झोपेचेही पैसे लावलेत, म्हणत शाणू हसला
आणि आंघोळीला गेला.
तीन दिवस फॉर्म फ्रिजवर,
मासळीच्या हिशेबाखाली.

साडेअकरा म्हणजे फाटकाशी कुणीतरी उभं हवं.
शाणू फेरीबोटीवर खलाशी,
एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार.
म्हणजे उर्वीला बाप मिळणार
आठवड्याआड, नळाच्या पाण्यासारखा.
एस्पेरांसा आंटी म्हणते, हाड गो तिला हांगा.
पण तिचे गुडघे आहेत, तिच्या मालिका आहेत,
आणि नाताळ झाला की ती लेकाकडे स्विंडनला जायची.
बॅग आत्तापासून पलंगावर उघडी,
तळाशी आमसुलं.

मडगावची वहिनी म्हणाली,
एवढ्याशा जिवाला आठ तास?
तिच्या घरी साडेअकराला मोबाईल सुरू होतो
आणि भात निवेपर्यंत चालतो.
हे मी बोलले नाही. इथे लिहिते.

मी कुंडईला, गोळ्यांच्या कारखान्यात, पॅकिंगला.
काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते,
अर्धी मोडता यावी म्हणून.
हजारो रेघा जातात डोळ्यांखालून.
दिवसावर अशी रेघ पाडायचं मशीन
आमच्याकडे नाही.

सकाळी पोदेर आला, पोंपों करत.
उर्वीने उंडो मोडला: अर्धा तुला, अर्धा मला.
दोन अर्धे कधी सारखे निघत नाहीत.
तिने दोन्ही नीट बघितले
आणि मोठा घेतला.
तिला फॉर्म भरायला दिला असता
तर एवढ्यात झाला असता.

गुरुवारी रजा टाकून (अर्धीच)
दुपारची शाळा बघून आले.
सतरंजीवर अठरा पोरं, पालथी, उताणी,
कुणाचा पाय कुणाच्या पोटावर.
एक मुलगा जागा. स्वतःचा कान धरून
छताकडे बघत होता. मला वाटलं, आता रडणार.
तो पंख्याची पाती मोजत होता.
तीनपर्यंत. पुन्हा तीनपर्यंत.
मी बाहेर येऊन पर्समध्ये पेन शोधलं.
सापडलं तेव्हा ते चालेना.
शिपाईणबाईंनी त्यांचं दिलं, लाल.

जूनच्या तिसऱ्या सोमवारी
कारखान्याची बस चार वीसला ओल्ड गोव्याला पोचली.
मी धावले नाही. भरभर चालले.
उर्वी फाटकात, एका पायात बूट, दुसरा हातात.
झोपलीस का गं?
नाही. मी नाटक केलं. सगळ्यांनी केलं.
लवीना टीचरने पण.

धक्क्यावर बोट लागलेलीच होती,
दुपारची पाळी, दोर शाणूच्या हातात.
बाकावर बसले तर ती मांडीवर कलंडली,
आणि या वेळी नाटक नव्हतं,
लाळ माझ्या युनिफॉर्मवर उतरली.
दिवाडी पाचेक मिनिटांवर.
स्कूटर उतरल्या, दुधाचे कॅन उतरले,
शाणूने माझ्याकडे बघितलं,
मी मान हलवली. आम्ही उतरलो नाही.
बोट परत ओल्ड गोव्याला गेली, परत आली,
पुन्हा गेली.
तिसऱ्या फेरीला एक म्हातारे गृहस्थ म्हणाले,
बाई, तुमचा धक्का मागे राहिला.