मासे सोडणं सोपं असतं

राखेच्या बुधवारी कपाळाला जी राख लागली
ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची,
त्यातली एक माझ्याच माडाची.
कपाळाला काय कळणार? सगळी राख सारखीच.

चाळीस दिवस मासे सोडले.
पाटीतला बांगडा दारावरून हाका मारत गेला,
मी दार लोटलं.
सोलकढी, वाल, ओल्या काजूची उसळ.
मासे सोडणं सोपं असतं.

कैतानला सोडणं कठीण.

गडगा त्याने दोन हात माझ्याकडे सरकवला,
माझा नवरा बोटीवर होता तेव्हा.
बावीस वर्षं झाली. काजूची तीन झाडं त्याची झाली.
दर मार्चात बोंडू त्याच्या परड्यात पडतात
आणि वास माझ्या घरात येतो.

यंदा त्याची विहीर खारी झाली.
खाडी आत शिरली म्हणतात.
त्याची सून इस्पेरांस, सातवा महिना,
दोन घागरी घेऊन घाटीखालच्या नळावर जाते
माझ्या विहिरीला वळसा घालून.
मी तेव्हाच पाणी काढते.
रहाट जरा जास्तच करकरवते.

शुक्रवारी क्रूसाची वाट झाल्यावर
जाळीपुढे गुडघे टेकले. तेच पाप, तेच शब्द:
शेजाऱ्याविषयी मनात राग आहे.
फादर नवे. त्यांना काय ठाऊक, हे बाविसावं वर्ष.
पण वरच्याला ठाऊक होतं.
मी वाट बघितली, आता तरी विचारील,
परत तेच, गो बाये?
पंखा कुरकुरत होता. मग एवढंच:
जा, माफ आहे.

ना मोजणी, ना सातबारा,
दोन हात की अडीच, काही नाही.
दुकानातून पैसे न देता निघाल्यासारखी
मी उन्हात आले.

दुपारी ती वाटेवर दिसली.
"गो, घागर हय ठेव," मी म्हटलं.
ती बघतच राहिली,
जणू माझी विहीरच बोलली.
दोघींनी दोर ओढला.
तिने पाणी आधी मानेला लावलं, मग प्याली.

गडगा आहे तिथेच आहे.
कैतान मान खाली घालून जातो
आणि खरं सांगते, बोंडूंचा वास अजून टोचतो.
उद्या तोच घागर घेऊन आला
तर मी दार लोटीन की दोर पुढे करीन,
ठाऊक नाही.
ईस्टरला एकोणीस दिवस आहेत.

तोवर रहाटाला तेल घातलंय.
आता तो वाजत नाही.