साडेतीन तारे

मृग बहाराचं संत्रं बाजारात उतरतं
त्याच पंधरवड्यात बक्षिसांचे सिनेमेही उतरतात.
आम्ही पाच जण, कधी सहा,
धंतोलीत ट्यूशन क्लासच्या वरच्या हॉलमध्ये
फळ्याशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर
ते पाहून घेतो, निकाल लागायच्या आत.
पराते वहीत तारे काढतो.
पेन्सिलीनं काढतो, म्हणजे खोडता येतात.

काल पाहिला त्यात एक बाई
स्वयंपाकघरात बसून सफरचंद सोलते
आणि शेजारच्या खोलीत सासूचा श्वास
अडतो, चालतो, अडतो.
फोन टेबलावर आहे.
बाई सफरचंद सोलते.
साल तुटत नाही. कॅमेरा हलत नाही.
मग नावं वर सरकू लागली
आणि ती संपली तरी
दिवा लावायला कोणी उठेना.

खाली टपरीवर आल्यावर जीभ सुटली.
"बाई वाईट नाही बे," पराते म्हणाला,
"थकली हाये. थकल्याची काय शिक्षा असते?"
"असते," शाहीन म्हणाली,
"फक्त ती कोर्टात सुनावत नाहीत."
ढोबळे साहेब, बँकेतून निवृत्त,
मफलर कानांवरून दोनदा गुंडाळलेला:
"असले विषय हेरून काढतात हो.
परीक्षकाला घाम फोडा, बाहुली घरी न्या.
मागच्या वर्षी लेकरू मारलं,
यंदा म्हातारी."
हसलो आम्ही.
थंडीत हसतात तसे, जरा जास्तच.

गजभिये सिस्टर हसल्या नाहीत.
मेडिकलला अठ्ठावीस वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळी.
पिशवीतून संत्रं काढून त्यांनी अंगठा रोवला.
आपल्या संत्र्याला चाकू लागत नाही,
साल आतून आधीच सुटलेली असते.
"आवाज चुकला त्यांचा," म्हणाल्या.
"शेवटी तसा नसते श्वास.
मधे इतका थांबते
का त्याच्या वाटचा आपणच घेऊन बसतो.
आणि नुसते बसून राहणारे
मी लय पाहिले.
काही सोलत नाही कोणी.
कोणी पंख्यावरची धूळ पाहते.
एक जण तर कॅलेंडर वाचून राहिला होता, मोठ्यानं,
संकष्टी, प्रदोष, गॅसचा नंबर लावला ती तारीख."

"मग त्याचं काय केलं तुम्ही?" शाहीननं विचारलं.
"काय करणार? चहा पाजला."

पुढचं मी बोललो.
त्या लांब शॉटबद्दल,
खिडकीतून येणाऱ्या निळ्या उजेडाबद्दल,
दार अर्धवट उघडं ठेवण्यातल्या हुशारीबद्दल.
सिनेमावर मी बरं बोलतो,
ढोबळे साहेबसुद्धा मफलर सैल करून ऐकतात.

हे नाही बोललो
की नंदनवनच्या दोन खोल्यांत, एप्रिलमध्ये,
दुपारी सव्वातीन ते चार
मी कूलरमध्ये पाणी भरत होतो.
एक बादली, मग दुसरी.
टाकी भरली, खालून वाहायला लागली,
पाणी फरशीवरून बाबांच्या पलंगापर्यंत गेलं,
आणि मी पुन्हा नळाखाली बादली लावली.
फोन खिशात होता.
त्यात नंबरही लावून ठेवलेला होता.
चार वाजता मी ओल्या हातानं
त्यांची चादर नीट केली.

पराते वही उघडून उभा. "बोला, किती?"
शाहीन चार. ढोबळे साहेब दोन,
"अन् तेही बाईच्या कामाचे."
"तुह्ये?"
"साडेतीन," मी म्हणालो.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.
सलाईनचे थेंब मोजताना पाहतात तसं,
ओठ न हलवता, पूर्ण एक मिनिट.
मग माझ्या तळहातावर
दोन फोडी ठेवल्या, शिरा काढलेल्या,
आणि टपरीवाल्याकडे वळून म्हणाल्या,
"याले आणखी एक चहा दे रे.
साखर जास्त टाकजो."